छाती चोरणारा फॉरवर्ड

लातूर, ३ जानेवारी १९८३

मित्रवर्य शेषेराव यास,
वीरण्णाचा शरणार्थ.

तुझं नव्या वर्षाचं कार्ड पोचलं. कार्डावर धबधब्याचं चित्र आहे. मुद्दाम निवडलंस, हे मला कळलं. आमच्याकडे आता कलेक्टर आहे, एस.पी. आहे, चौकात जिल्ह्याची नवी पाटी आहे, फक्त नळाला पाणी नाही. शाळेच्या मैदानावर शिंपडायला घागरभरसुद्धा मिळत नाही. पोरं ड्रिबल करतात आणि चेंडूऐवजी धूळच वर येते. येळवशीच्या अमावास्येला शेतात जेवायला जायचं म्हणतात सगळे, पण यंदा ज्वारी गुडघ्याला टेकली नाही. जाऊन पाहायचं तरी काय?

आता कामाचं. लातूर जिल्ह्याचा बास्केटबॉल संघ पहिल्यांदाच राज्य स्पर्धेला जातोय. आजवर आमची एकदोन पोरं उस्मानाबादच्या संघात जायची आणि बाकावर बसून परत यायची. आता बाराच्या बारा जागा आपल्या. अकरा नावं ठरली. बाराव्या जागेवरून निवड समितीत रोज भांडण होतं. एक औशाचा नरसिंग आहे, आडव्या हाडाचा, भिंतीसारखा. दुसरा चाकूरचा सिद्धेश्वर पाटील, एकोणीस वर्षांचा, उंच आणि काडीसारखा बारीक. अर्धी समिती म्हणते, फॉरवर्डला अंगात वजन पाहिजे. अर्धी म्हणते, डोकं पाहिजे.

शेवटी मी म्हटलं, बाहेरच्या माणसाला विचारू. मराठवाड्यात तुझ्याइतका खडूस पंच दुसरा नाही, यावर समितीचं पहिल्यांदाच एकमत झालं. १६ तारखेच्या रविवारी पोरांना सरावाच्या सामन्यासाठी नांदेडला पाठवतोय. त्या सिद्धेश्वरचं नीट पाहा. रिंगखाली पाठीवर माणूस घेऊन तो कसा खेळतो, आणि डिफेन्सला कसा उभा राहतो, एवढंच. तू लिहिशील ते मी समितीत जसंच्या तसं वाचून दाखवणार आहे.

त्याच्या बापानं त्याला सांगून ठेवलंय की यंदा यादीत नाव आलं तर कॉलेज आणि खेळ चालू, नाही तर उदगीरला काकाच्या कापडदुकानात गादीवर बसायचं. हे तुला उगीच सांगितलं. तू माझा मुलाहिजा ठेवू नकोस.

तुझा,
वीरण्णा

*

नांदेड, १८ जानेवारी

प्रिय वीरण्णा,

पोरं आली, खेळली, जेवली आणि गेली. चौघं आमच्याकडे उतरली होती, त्यात तुझा काडीपैलवानही होता. आमची सिंधु म्हणाली, "लई गुणाची पोरं हायेत, नळ चालू दिसला की पळत जाऊन बंद करून राहिलेत." आमच्याकडे गोदावरी आहे म्हणून आम्ही माजलो, हे मला त्या दिवशी कळलं.

आता अहवाल. समितीत वाचणार आहेस, म्हणून सरळ लिहितो.

सिद्धेश्वर पाटील. उंची सहा फूट दोन. वजन साठच्या आत असावं. पोस्टवर, म्हणजे रिंगखाली, पायांचं काम फार सुंदर आहे. डावा पाय रोवतो, उजव्या खांद्यावरून वळतो आणि हुक मारतो. सात मारले, पाच आत गेले. पाठीवर नरसिंगसारखा रेडा रेटत असताना पोरगा जागचा हलत नाही. वजन नसलं तरी मांड्यांत जीव आहे. इथवर मी खूश होतो.

पण त्याचं डावं कोपर छातीला चिकटलेलं असतं. पास एका हातानं घेतो. रिबाउंडला एकच हात वर जातो. डावा हात जणू भाड्यानं आणलाय आणि खराब केला तर भरून द्यावा लागेल! पाठीवर धक्का घेतो, कुशीवर घेतो, पण समोरून कुणी आलं की ऐन वेळी अंग आडवं करतो. नरसिंग तीन वेळा सरळ त्याच्या अंगावर गेला आणि तिन्ही वेळा पोरगा अंग वळवून बाजूला झाला. तीन बास्केट फुकट दिले. डिफेन्समध्ये त्याचे पाय वेळेवर जागेवर पोचतात, डोळे दोन पावलं पुढचं बघतात, आणि मग ऐन धडकेला सगळं वाया जातं.

एका वाक्यात सांगायचं तर पोरगा छाती चोरतो. पोस्टचा खेळ शिकवता येतो, छाती शिकवता येत नाही. माझं मत नरसिंगला.

इथून पुढचं समितीत वाचू नकोस. त्याला बघताना मला सारखा तू आठवत होतास. घरी आल्यावर माझी सामन्यांच्या नोंदींची लाल वही काढली, ६२ च्या फायनलचं पान. नांदेड विरुद्ध उस्मानाबाद. तुमचे दोन गुण जास्त. तुझ्या नावापुढे मी लिहिलंय : 'चार मिनिटं बाकी. पळाला.' सामना आम्ही जिंकला. पुढच्या वर्षी हैदराबादला क्रीडाशिक्षकाच्या कोर्सला एका खोलीत राहिलो तेव्हा तुला किती छळलं होतं मी यावरून! तू नुसता हसायचास. आजही हसशील.

शेषेराव

*

लातूर, २४ जानेवारी

प्रिय शेषेराव,

अहवाल मिळाला. शब्द दिला होता म्हणून शनिवारी समितीत वाचला. सभा शाळेच्या वर्गात होती. उन्हामुळे खिडक्या उघड्या होत्या आणि पोरं बाहेर पायरीवर बसली होती, हे माझ्या ध्यानात आलं नाही. 'छाती चोरतो' म्हटल्यावर बाहेर कुणीतरी हसलं. मी खिडकीतून पाहिलं. सिद्धेश्वर उठून चालला होता, डावं कोपर तसंच छातीला.

तू लिहिलंस ते सगळं तू पाहिलंस. त्यात खोटं काही नाही. यादी मात्र अजून गेलेली नाही. ३० तारखेला दोघांना शेवटचं खेळवून बघायचं ठरलंय.

एक गोष्ट मी तुला सांगितली नव्हती. सिद्धेश्वर माझा सख्खा भाचा आहे, उमाचा मुलगा. चाकूरच्या बसलिंगप्पा पाटलांना दिलेली माझी धाकटी बहीण उमादेवी, तुला आठवत असेल. मी समितीत असताना भाच्याचं नाव घेणं बरं दिसलं नसतं, म्हणून तुझ्याकडे पाठवला. पोरालाही बजावलं होतं, तिथं मामा म्हणायचं नाही, सर म्हणायचं.

राग मानू नकोस. एकच विचारतो. समोरून कुणी आलं तरच तो अंग आडवं करायचा ना? कुशीवर आणि पाठीवर धक्का घ्यायचा, असंच लिहिलंयस ना तू?

वीरण्णा

*

नांदेड, २८ जानेवारी

वीरण्णा,

राग मानू नकोस म्हणे! चांगला मानणार आहे. तू मला साक्षीला बोलावलंस आणि आरोपी तुझ्या घरचा निघाला. तुझा भाचा आहे हे ठाऊक असतं तर मी काय वेगळं लिहिलं असतं? अक्षरही नसतं बदललं. पण 'भाड्यानं आणलेला हात' वगैरे लिहिलं नसतं. चांगल्या पोराची चारचौघांत टिंगल झाली आणि ती माझ्या तोंडानं झाली.

तुझं पत्र सिंधुला वाचून दाखवलं. ती भाकरी थापता थापता थांबली. म्हणाली, "आत्ता कळालं! म्हणून तर त्या पोरानं जेवायच्या आधी पळीभर पाणी मागितलं व्हतं. कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसला, बनियनमधून कायतरी काढलं, डाव्या तळहातावर ठिवलं अन् डोळे मिटले. मला वाटलं, बापाचा फोटो असंल."

अरे, मी त्याला पाटील म्हणून आमच्यातला समजलो. तुमच्या लिंगायतांतही पाटील असतात, हे वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मला सिंधुनं सांगावं लागलं. तूही खोलीवर रोज आंघोळीनंतर तेच करायचास. गळ्यातली चांदीची डबी उघडायची, इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, पूजा करायची आणि परत गळ्यात. वर्षभर माझ्या डोळ्यांसमोर होतं ते.

म्हणजे पोरगा ती डबी छातीवर बांधून खेळत होता का? खरं सांग. आणि हे मला आधी का सांगितलं नाहीस?

शेषेराव

*

लातूर, २ फेब्रुवारी

प्रिय शेषेराव,

होय. छातीवर, बनियनच्या आत, फडक्यानं आवळून बांधून खेळत होता. तुला सांगितलं नाही, कारण तू पंच आहेस. दुसऱ्याला लागेल अशी कठीण वस्तू अंगावर ठेवून खेळता येत नाही, हा नियम तू आम्हाला झोपेतही म्हणून दाखवशील. तू त्याला पहिल्या मिनिटाला बाहेर बसवलं असतंस. मला वाटलं, न सांगता निभावेल. हात दाखवून अवलक्षण झालं.

आता दुसरं ऐक. हे मी आई सोडून एकवीस वर्षं कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा.

६२ ला मी पळालो नव्हतो. चार मिनिटं राहिली होती. मी रिंगखाली चेंडू घेतला, वळलो, आणि तुझं कोपर माझ्या छातीवर बसलं. डबीचा शिवदोरा तुटला. डबी खाली पडून उघडली आणि लिंग घरंगळत धुळीत गेलं. तुम्ही चेंडू घेऊन दुसऱ्या टोकाला पळालात, सगळं मैदान तिकडं बघत होतं. आमच्यात मूल जन्मलं की स्वामी येऊन लिंग बांधतात, ते मातीत जाईपर्यंत अंगावरच असतं. ते गळ्यातून पडलं हे सांगायचीसुद्धा लाज वाटते. जुनी माणसं म्हणायची, लिंग हरवलं तर सापडेपर्यंत पाणीसुद्धा घोटायचं नाही. मी शोधत शोधत लायनीच्या बाहेर गेलो. पंचानं शिट्टी मारली, बदली खेळाडू आला. तुम्ही मिरवणूक काढून गेलात, तेव्हा मी खांबाच्या मागं गुडघ्यावर होतो.

संध्याकाळी मैदानावर पाणी मारायला धोंडाबाई नावाची बाई आली. तिनं विचारलं, "काय हरपलं रं लेकरा?" मी सांगितलं. तिनं घागर खाली ठेवली, एक थेंब शिंपडला नाही. माझ्याबरोबर वीत वीत जमीन चाचपली, आणि तिलाच सापडलं. हात लावला नाही तिनं, मला हाक मारली. त्यानंतर मी पाणी प्यालो. घरी आल्यावर आईला वचन दिलं की पुन्हा खेळणार नाही. खेळायचं सोडलं, म्हणून शिकवायला लागलो.

सिद्धेश्वर दहा वर्षांचा असताना त्याच्या हातात चेंडू मी दिला. पहिला धडा काय दिला असेन? 'डावं कोपर छातीजवळ ठेव. समोरून कुणी आलं की वळ.' तुझ्या अहवालातला दोष पोराचा नाही. तो माझा आहे, मी माझ्या हातानं त्याच्या अंगात घातलाय.

आणि आता हे बघ काय झालं. गुरुवारी पोरानं लिंग गळ्यातून काढलं, देव्हाऱ्यात ठेवलं आणि आईला म्हणाला, "नांदेडचे काका म्हणले छाती चोरतो. आता बघू." रविवारी खेळला. शेषेराव, काय खेळला! दोन्ही हात आभाळात. नरसिंग चार वेळा अंगावर आला, चारही वेळा छातीवर घेतला आणि एक पाऊल मागं सरला नाही. समितीनं तिथंच नाव लिहिलं. मी टाळ्या वाजवत होतो.

उमा गुरुवारपासून अन्नाला शिवलेली नाही. सकाळ-संध्याकाळ घोटभर पाणी, बस. मला म्हणाली, "अण्णा, बारा नंबरची बनियन घालायला ह्यानं गळ्यातलं उतरवलं. तुम्ही आईला शब्द देऊन खेळ सोडला व्हता. हा मला काय देऊन राहिला?" पोरगा म्हणतो, स्पर्धा झाली की बांधतो. ती म्हणते, मधे मी मेले तर?

काय करू ते सांग. मला सुचत नाही.

वीरण्णा

*

नांदेड, ५ फेब्रुवारी

वीरण्णा,

तुझं पत्र दुपारी आलं. सिंधुला दिलं नाही. वाचूनही दाखवलं नाही.

मी उद्या सकाळच्या यष्टीनं चाकूरला येतोय. रविवार आहे, तू बहिणीपाशी असशीलच. हे पत्र माझ्या मागून पोचेल. तरी लिहितो, कारण समोर बसल्यावर मी काहीतरी थट्टा करीन आणि हे राहून जाईल.

ते कोपर चुकून लागलं नव्हतं. टाइमआउटमध्ये आमचे सर म्हणाले होते, "तो बारका थांबवल्याशिवाय कप मिळत नाही." मी मान डोलावली. तू वळलास तेव्हा चेंडूकडे मी बघतच नव्हतो, तुझ्या छातीकडे बघत होतो. मला वाटलं, दोन मिनिटं श्वास कोंडेल, बसेल खाली. तू खाली वाकलास आणि चालू लागलास, तेव्हा मला हायसं वाटलं की फाउल मिळाला नाही. मग वहीत 'पळाला' लिहिलं. ते लिहिलं नसतं तर मला माझंच कोपर दिसलं असतं. पुढं वर्षभर तुला पळपुटा म्हणत तुझ्याच डब्यातली चटणी खाल्ली.

उमाताईला मी हे स्वतः सांगणार आहे. तिनं हाकललं तर हाकललं.

शेषेराव

*

लातूर, १६ फेब्रुवारी

प्रिय शेषेराव,

तू पाचच्या गाडीनं गेलास आणि पुढं काय झालं ते तुला कळलं नाही. म्हणून लिहितो.

तू ओट्याखाली चपला काढून "ताई, ह्या पोराच्या मामाला कोपर मारणारा तो मीच," म्हणालास, तेव्हा उमा आत निघून गेली. तुला वाटलं, तिनं तोंड फिरवलं. ती चुलीकडे बसून रडत होती. मला म्हणाली, "त्यांच्या वयाचा माणूस दारात उभा राहून असं बोलला. अण्णा, त्यांना च्या पण नाही दिला मी." मग तिनं मठातल्या स्वामींना बोलावणं पाठवलं.

स्वामी आले. सगळं ऐकून घेतलं आणि हसले. म्हणाले, "छातीवरच पायजे आसं कुणी सांगितलं? बेंबीच्या वर कुठंबी बांधा. आमच्या लहानपणी नांगर धरणारे पटक्यात बांधायचे, डोक्यावर." एवढं सोपं होतं. माझ्या आईनंही कुणाला विचारलं नव्हतं, मीही विचारलं नाही.

सिद्धेश्वरनं त्याच रात्री मस्तकाला बांधलं. डबी काढून ठेवली, नुसतं कापडात गुंडाळलं आणि वर मऊ पट्टी. उमा जेवली. आता दोन्ही हात वर करून खेळतो. नावांची यादी गेली. बसलिंगप्पांनीही मान डोलावली, दुकान पुढच्या सालावर गेलं.

एकच काळजी. नाशिकच्या राज्य स्पर्धेला तू पंच म्हणून जाणार आहेस. कापड मऊ असलं तरी आतली वस्तू कठीण आहे, हे तुला ठाऊक आणि मला ठाऊक. उपासानं आलेलं उमाचं दुखणं अजून निघालेलं नाही, मला येता येणार नाही. सामना तुझ्याकडं आला तर काय करशील, हे मी विचारत नाही. मागच्या वेळी लपवलं, यंदा उघड सांगतोय एवढंच.

वीरण्णा

*

नांदेड, ९ मार्च

प्रिय वीरण्णा,

पोरं परवा लातूरला पोचली असतील आणि तुला कुणी ना कुणी सांगितलं असेल. तरी माझ्याकडून ऐक.

सामना माझ्याकडेच आला. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं असतात, तसं माझ्या शिट्टीला हे विघ्न. सामन्याआधी मी पोराच्या कपाळाची पट्टी चाचपून पाहिली. आत काय आहे ते बोटांना कळलं. दोन घड्या आणखी घालायला लावल्या आणि खेळू दिलं. पंच झाल्यापासून पहिल्यांदा मी नियमाकडे काणाडोळा केला.

आता अहवाल, हा तू मागितलेला नाहीस तरी. पोस्टवर नऊ वेळा चेंडू घेतला, नऊही वेळा दोन्ही हातांनी. डाव्या खांद्यावरूनही वळतो आता, हे तू शिकवलंस का त्यानं स्वतः शोधलं? सोळा गुण. समोरच्या संघाचा सेंटर सिद्धेश्वरपेक्षा वीस किलोनं जड होता, तरी दुसऱ्या हाफमध्ये त्याला रिंगखाली उभं राहायला जागा मिळाली नाही. तुमचे तीन गुण जास्त होते.

चार मिनिटं राहिली असताना तो सेंटर सरळ आत घुसला. सिद्धेश्वर आधीच जागेवर पोचला होता. पाय रोवलेले, दोन्ही हात वर, छाती समोर. मी इतक्या वर्षांत एवढा स्वच्छ डिफेन्स पाहिला नाही. धडक झाली, दोघं पडले. मी फाउल दिला सेंटरवर, हात अजून वरच होता, आणि बघतो तर त्या सेंटरची भुवई फुटलेली. पट्टीवर आपटली होती. रक्त डोळ्यात जात होतं. सतरा-अठरा वर्षांचं पोर, "आई गं" म्हणून ओरडलं.

त्यांचे सर धावत आले, पट्टी चाचपली, ओरडायला लागले. वीरण्णा, ते बरोबर होते. मी आधी काढायला लावलं असतं तर त्या पोराला टाके पडले नसते. मी तुझ्या पोराची भरपाई दुसऱ्याच्या पोराच्या डोळ्यावर करत होतो.

मी सिद्धेश्वरजवळ गेलो. म्हणालो, "हे काढून खेळावं लागेल. नाही तर बाहेर." त्यानं माझ्याकडे पाहिलं. ओळख दाखवली नाही. बाकावर पाहिलं, पाटीवरचे गुण पाहिले. हळूच विचारलं, "कितीक मिन्टं हायेत?" मी म्हणालो, चार. मग तो आधी त्या सेंटरजवळ गेला, त्याच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलला, आणि चालत लायनीच्या बाहेर गेला. दोन्ही हात खाली सोडलेले होते. प्रेक्षकांत कुणीतरी शिट्टी मारली, "पळाला रे पळाला!" माझ्या तोंडात माझी शिट्टी होती, ती फुंकून मी सामना चालू केला. त्याच्या जागी नरसिंग आला, पोरगा जीव तोडून खेळला. तुम्ही एका गुणानं हरलात.

मी स्पर्धेच्या लोकांकडे लिहून दिलंय की वस्तू मला माहीत होती, परवानगी मी दिली, दोष खेळाडूचा नाही. पुढच्या वर्षी मला पंच म्हणून बोलावणार नाहीत बहुधा. तुमची समिती पोराला काय विचारील ते मला माहीत नाही. बसलिंगप्पांना मी वेगळं पत्र टाकलंय, पण दुकानाचा विषय निघणारच. तू तिथं गप्प बसू नकोस. तू फार वर्षं गप्प बसलास.

संध्याकाळी पोरगा मी उतरलो होतो तिथं आला. मी वही घेऊन बसलो होतो, त्या सामन्याचं पान रिकामं होतं. तो म्हणाला, "काका, चाकूरला सांगितलं व्हतं ते मामाचं पान दाखवा." मी दाखवलं. त्यानं वाचलं, 'पळाला'वर बोट ठेवलं.

"मामा पळाले व्हते?"

"नाही," मी म्हणालो. "मी मारलं होतं."

"मग खोडा की."

मी खोडलं. एकवीस वर्षांची शाई, खोडूनही खालचा शब्द दिसतच राहिला. खाली लिहिलं, 'कोपर माझं होतं', आणि सही केली. मग त्या सामन्याच्या पानावर आलो आणि त्याला विचारलं, तुझ्या नावापुढं काय लिहू?

तो म्हणाला, "माझं कोरं राहू द्या. आई विचारंल तवा मीच सांगतो."

वही सोबत पाठवतोय. ती आता तुझ्याकडे असू दे.

शेषेराव